मँचेस्टर : भोंगे थांबल्यानंतरचे शहर

मागांचा खडखडाट वाढला की त्या गावाला ‘मँचेस्टर’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अहमदाबाद ‘भारताचे मँचेस्टर’ ठरले, तर इचलकरंजी ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’. ज्या इंग्रजी शहरावरून ही बिरुदे आली, त्याची धुराडी मात्र केव्हाच थंडावली. तिथल्या जुन्या गिरण्यांत आज सदनिका, कार्यालये आणि उपाहारगृहे आहेत; कापडाच्या गोदामांची हॉटेले झाली आहेत; मालगाड्यांच्या पुलावर बाग फुलली आहे. उद्योग निघून गेल्यावर शहर कसे सावरते, याचा दाखला म्हणून नगररचनाकार मँचेस्टरकडे बोट दाखवतात. हा दाखला निर्दोष नाही. तरीही गिरणगावच्या भिंती पडताना पाहिलेल्या मुंबईकराने किंवा सोलापूरकराने एकदा तरी पायी फिरून पाहावे, असे या शहरात पुष्कळ काही आहे.

१९३१ साली मँचेस्टरची लोकसंख्या ७ लाख ६६ हजार होती. २००१ पर्यंत ती सव्वाचार लाखांच्या आत आली. सत्तर वर्षांत जवळजवळ निम्मे शहर ओसरले म्हणायला हरकत नाही. २०२१ च्या जनगणनेत हाच आकडा ५ लाख ५२ हजारांवर पोहोचला. हे पुन्हा भरणे कसे झाले आणि कोणासाठी झाले, हे समजून घ्यायचे तर आधी कापसाकडे वळावे लागते.

कापूस, कालवा आणि मुंबई

खाणमालक असलेल्या ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याने वर्सलीच्या खाणीतला कोळसा शहरात आणण्यासाठी कालवा खोदवला. १७६१ साली तो वाहता झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला. स्वस्त कोळसा, वाफेचे इंजिन आणि लिव्हरपूल बंदरातून येणारा अमेरिकी कापूस या तिघांच्या संगमातून पुढचे शतक घडले. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. पुढे शतकाच्या उत्तरार्धात सूतकताई ओल्डहॅम, बोल्टन अशा भोवतालच्या गावांकडे सरकत गेली आणि खुद्द मँचेस्टर हे सौद्यांचे, पेढ्यांचे आणि गोदामांचे शहर बनले. आज शहराच्या गाभ्यात गिरण्यांपेक्षा राजवाड्यासारखी गोदामेच अधिक दिसतात, त्याचे कारण हे.

मुंबईचा या शहराशी संबंध केवळ उपमेपुरता नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस येईनासा झाला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून कामगारांच्या घरी चुली विझल्या; त्याच वेळी मुंबईत कापसाच्या भावाने पैशाचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला आणि १८६५ साली मुंबईतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. ‘सुरती’ या सरसकट नावाने जाणारा आपला आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या कामगारांना नकोसा असे, कारण त्याचे सूत वारंवार तुटे आणि मजुरी बुडे. एवढे सोसूनही मँचेस्टरच्या कामगारांच्या सभेने गुलामगिरीविरुद्ध लिंकन यांना पाठिंबा दिला होता. जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी त्यांना आभाराचे पत्र लिहिले. लिंकन चौकातला पुतळा त्याचीच आठवण देतो.

पुढे मुंबईत उभ्या राहिलेल्या गिरण्यांची पुष्कळशी यंत्रेही लँकेशायरमधूनच आली. १९१३ च्या सुमारास ब्रिटनमधून वर्षाला सुमारे ७ अब्ज यार्ड कापड बाहेर जात होते आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन बाबू गेनू यांनी प्राण दिले, तो लढा याच व्यापाराविरुद्धचा. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी गिऱ्हाइके एकेक करून तुटत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही घसरण कायमची झाली आणि कापसापाठोपाठ यंत्रे बनवणारे कारखानेही आटले. १९६१ ते १९८३ या बावीस वर्षांत या परिसरातील कारखानदारीतल्या सुमारे दीड लाख नोकऱ्या गेल्या.

१९८२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डची गोदी बंद पडली. आणि त्याच वर्षी मँचेस्टरमधल्या कॅसलफील्ड या पडीक भागाला ब्रिटनमधले पहिले ‘नागरी वारसा उद्यान’ म्हणून मान्यता मिळाली. जुन्या विटांचे काहीतरी मोल आहे, हे या शहराने तुलनेने लवकर ओळखले. मुंबईत तसे घडले नाही.

कॅसलफील्ड : सुरुवात इथून करावी

शहर पाहण्यासाठी कॅसलफील्डइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. इ.स. ७९ च्या सुमारास रोमन सैन्याने इथे ‘मामूकियम’ हा किल्ला बांधला. त्याच्या दरवाजाची प्रतिकृती आज उभी आहे. शेजारीच ब्रिजवॉटर कालव्याचे शेवटचे टोक, त्यावर रेल्वेचे एकमेकांना छेदणारे लोखंडी पूल आणि खाली संथ पाण्यात उभ्या अरुंद नावा. किल्ला, कालवा, रेल्वे आणि ट्रॅम हे चार काळांचे थर एकाच नजरेत सामावतात.

यांतला १८९२ चा एक पूल १९६९ पासून बेवारस पडून होता. मध्यवर्ती रेल्वे स्थानक बंद झाल्यावर त्यावरून गाडीच जाईना. जुलै २०२२ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने त्याच्या काही भागावर बाग केली. बाग लहान आहे, पण तिथून दिसणारे दृश्य बोलके आहे. एका बाजूला गंजलेले लोखंड, तर दुसऱ्या बाजूला २०१ मीटर उंचीचा काचेचा निवासी मनोरा. ज्या मध्यवर्ती स्थानकाकडे हा पूल जात असे, त्याचे भव्य कमानदार छप्पर टिकवून १९८६ साली तिथे प्रदर्शन केंद्र सुरू करण्यात आले.

पाच मिनिटांच्या अंतरावर विज्ञान आणि उद्योग संग्रहालय आहे. १८३० च्या रेल्वेचे लिव्हरपूल रोड स्थानक याच आवारात आहे. रेल्वेमार्गाच्या टोकाला असलेल्या, आजवर शिल्लक राहिलेल्या जगातील प्रवासी स्थानकांत ते सर्वांत जुने मानले जाते. तिथे १८४४ नंतर प्रवासी गाडी आली नाही; पुढे ते केवळ मालासाठी वापरले गेले, म्हणूनच कदाचित ते वाचले. संग्रहालयात कापूस पिंजण्यापासून विणण्यापर्यंतची यंत्रे आहेत आणि ठरावीक वेळी ती चालवून दाखवली जातात. लालबाग-परळच्या ज्या घरांत साचेखात्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्या घरातल्या माणसाला हा आवाज ओळखीचा वाटेल. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीमुळे काही दालने अधूनमधून बंद असतात, ही माहिती आधी घ्यावी.

अँकोट्स : गिरणगावचा थोरला भाऊ

शहराच्या ईशान्येला अँकोट्स आहे. केवळ कारखान्यांसाठी आखून वसवलेले जगातले पहिले उपनगर, अशी त्याची ख्याती. स्कॉटलंडहून आलेल्या मरे बंधूंनी १७९८ साली इथे वाफेवर चालणाऱ्या गिरणीचे काम सुरू केले. चारही बाजूंना उंच इमारती, मधे चौक आणि त्या चौकात रॉचडेल कालव्याला भुयाराने जोडलेले पाण्याचे कुंड, अशी तिची रचना होती. कोळसा आणि कापसाच्या नावा थेट गिरणीच्या पोटात येत. या गिरण्या पाहण्यासाठी परदेशातून लोक येत. १८२६ साली प्रशियाचा वास्तुविशारद शिंकेल याने त्यांची रेखाचित्रे काढून नेली.

गिरण्यांच्या सावलीत कामगारांची खुराडी होती. १८४२ साली घरच्या सूतगिरणीच्या कचेरीत काम करण्यासाठी फ्रीडरिश एंगेल्स हा तरुण जर्मनीहून मँचेस्टरला आला. त्याने या वस्त्यांतून फिरून जे पाहिले, ते १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात आले. पुढे शतकाच्या अखेरीस इथे इटालियन स्थलांतरितांची वस्ती झाली. गिरण्या बंद पडल्यावर अँकोट्स जवळपास ओस पडले, छपरे कोसळू लागली आणि आगी लागल्या.

आज त्याच मरे गिरणीत सदनिका आहेत. सेंट पीटर्स चर्च दुरुस्त करून तिथे प्रख्यात हॅले वाद्यवृंदाच्या तालमी होतात. कटिंग रूम चौकाभोवती संध्याकाळी जागा मिळणे कठीण. विटांचे काम, लोखंडी खांब, कालव्याकाठची वाट हे सारे निगुतीने राखले आहे. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

पण इथेच प्रश्नही उभा राहतो. अँकोट्समधली बरीच घरे २०१४ पासून महापालिका आणि अबू धाबीचा गुंतवणूकदार समूह यांच्या भागीदारीतून झाली. सार्वजनिक जमीन स्वस्तात गेली आणि परवडणारी घरे नगण्य झाली, अशी टीका शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये केली. महापालिकेला ती मान्य नाही. ओसाड पडलेल्या जागेत गुंतवणूक आणण्याचा तोच मार्ग होता, असे तिचे म्हणणे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी या इमारतीत सूत काढले, त्यांच्यापैकी किती जणांना आज तिथले भाडे झेपेल, हा प्रश्न मुंबईकराला नवा नाही. फरक एवढाच की अँकोट्समध्ये निदान गिरणी ओळखू येते.

सौद्यांचा फळा आणि दोन ग्रंथालये

शहराच्या मध्यभागी रॉयल एक्स्चेंज आहे. कापसाचे आणि कापडाचे सौदे जिथे होत, तो हा दिवाणखाना. १९६८ साली शेवटचा सौदा झाला. त्या दिवशीचे भाव दाखवणारा फळा आजही उंचावर तसाच आहे. १९७६ साली या दिवाणखान्यात नाट्यगृह झाले, तेही विलक्षण प्रकारे. जुन्या जमिनीला भार पेलणार नाही म्हणून सात बाजूंचे, काचेचे आणि पोलादाचे संपूर्ण नाट्यगृह प्रचंड खांबांना टांगण्यात आले. नाटक पाहायचे नसले तरी आत डोकावून तो फळा अवश्य पाहावा. जुन्या वास्तूचा नवा उपयोग कसा असावा, याचे या शहरातले हे सर्वांत प्रामाणिक उदाहरण ठरावे.

जवळच जॉन रायलंड्स ग्रंथालय आहे. कापडाच्या व्यापारात अफाट पैसा मिळवलेल्या रायलंड्स यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी एन्रिकेटा यांनी ते बांधवले आणि १ जानेवारी १९०० रोजी ते वाचकांसाठी खुले झाले. बाहेरून आणि आतूनही ते एखाद्या कॅथेड्रलसारखे भासते. योहानाच्या शुभवर्तमानाचा एक अत्यंत प्राचीन पपायरस तुकडा इथे जतन केला आहे. दुसरे ग्रंथालय चेटमचे, १६५३ चे, म्हणजे कापसाच्याही आधीचे. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगेल्स ज्या खिडकीशी बसून वाचत, ते मेज दाखवले जाते. येथे मार्गदर्शकासोबतच जाता येते, त्यामुळे वेळ आधी ठरवावी लागते.

अल्फ्रेड वॉटरहाउस यांनी बांधलेला १८७७ चा टाउन हॉल म्हणजे शहराच्या ऐश्वर्याचा कळस. फरशीवर जागोजागी मधमाश्या कोरल्या आहेत. कामकरी मधमाशी ही १८४२ पासून शहराच्या राजमुद्रेत आहे. २२ मे २०१७ रोजी संगीताच्या कार्यक्रमात झालेल्या बॉम्बहल्ल्यात २२ जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर ती शहराच्या एकजुटीचे चिन्ह म्हणून भिंतीभिंतींवर उमटली. २०१८ च्या आरंभी हा टाउन हॉल मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला आणि काम ठरल्यापेक्षा बरेच लांबले. तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करणे बरे.

टाउन हॉलपासून थोड्या अंतरावर, जिथे पूर्वी सेंट पीटर्सचे मैदान होते, तिथे १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकाराच्या मागणीसाठी सुमारे ६० हजार माणसे जमली होती. त्या शांत जमावावर घोडेस्वार घालण्यात आले. किमान १५ जण मेले, शेकडो जखमी झाले. वॉटर्लूच्या लढाईवरून त्याला उपहासाने ‘पीटरलू’ म्हटले गेले. स्मारक व्हायला मात्र दोनशे वर्षे लागली. २०१९ साली ते झाले, तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला त्याच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून वाद झाला. या घटनेची आणि एकूणच कामगार चळवळीची कहाणी इर्वेल नदीकाठच्या पीपल्स हिस्ट्री म्युझियममध्ये सविस्तर मांडली आहे. कामगार संघटनांचे रंगवलेले जुने रेशमी ध्वज हे तिथले वैभव. हे संग्रहालयही एका जुन्या जलदाब-पंपघरात आहे.

बॉम्बस्फोट आणि त्याची दंतकथा

१५ जून १९९६, शनिवारची सकाळ. आयआरएने कॉर्पोरेशन स्ट्रीटवर ठेवलेल्या दीड टन स्फोटकांच्या वाहनाचा स्फोट झाला. आगाऊ सूचना मिळाल्याने हजारो लोकांना हलवण्यात आले होते. त्यामुळे एकही मृत्यू झाला नाही, पण दोनशेहून अधिक जण जखमी झाले आणि बाजारपेठेचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. स्फोटाच्या जागेजवळची एक लाल टपालपेटी तेवढी शाबूत राहिली. ती आजही तिथे आहे.

या स्फोटानेच मँचेस्टरचा कायापालट घडवला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. प्रदर्शन केंद्र १९८६ चे, ट्रॅम १९९२ ची, सायकल शर्यतींचे बंदिस्त मैदान १९९४ चे. १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकसाठी केलेले दोन्ही प्रयत्न फसले, तरी त्यातून योजना आणि माणसे तयार झाली होती. स्फोटानंतर मिळालेला निधी त्या तयारीला लाभला. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा हे त्याचे फळ. याच स्पर्धेत भारतीय महिला हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. मुख्य क्रीडागार पुढच्या वर्षी मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लबकडे गेले.

स्फोटानंतरच्या पुनर्रचनेत १५५२ च्या सुमाराचे लाकडी ‘ओल्ड वेलिंग्टन’ मद्यगृह सुटे करून कॅथेड्रलच्या बाजूला नेऊन पुन्हा जोडण्यात आले. तिथून कॅथेड्रलकडे वळताच महात्मा गांधींचा नऊ फूट उंचीचा कांस्य पुतळा दिसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याचे अनावरण झाले. शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. काही विद्यार्थ्यांनी पुतळ्याला विरोधही केला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले होते. त्यांच्या बहिष्काराने ज्यांच्या कामावर गदा आली, त्या गिरणी कामगार स्त्रियांनीच त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. त्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

गोदी, गाणी आणि क्रिकेट

१८९४ साली ५८ किलोमीटर लांबीचा जहाजी कालवा खोदून समुद्रापासून दूर असलेल्या मँचेस्टरने स्वतःचे बंदर केले होते. त्याची गोदी बंद झाल्यावर ‘सॅल्फर्ड कीज’ उभे राहिले. २००० साली लाउरी कलाकेंद्र झाले. गिरण्यांतून घरी परतणाऱ्या काडीसारख्या माणसांची चित्रे काढणाऱ्या एल. एस. लाउरी यांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह तिथे आहे. पाण्यापलीकडे डॅनियल लिबेस्किंड यांनी रचलेले युद्धसंग्रहालय २००२ चे, तर शेजारच्या मीडियासिटीत २०११ पासून बीबीसीचे अनेक विभाग आहेत. परिसर देखणा आहे, थोडा निर्जीवही.

संगीताचा शौक असणाऱ्यांना हॅसिएंडा हे नाव ठाऊक असते. १९८२ साली एका जुन्या गोदामात सुरू झालेल्या या क्लबने शहराला जगभर ओळख दिली. १९९७ साली तो बंद झाला, २००२ मध्ये इमारत पाडली गेली आणि त्या जागी त्याच नावाच्या सदनिका आल्या. नाव जपले, जागा विकली. २०२३ साली सुरू झालेले अविवा स्टुडिओज हे कलाकेंद्र आता संगीत-नाट्याचे नवे ठिकाण आहे. त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून पुढे गेला.

ऑक्सफर्ड रोडवरचे मँचेस्टर म्युझियम भारतीय पाहुण्याने चुकवू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दक्षिण आशियाचे कायमस्वरूपी दालन उघडले. स्थानिक दक्षिण आशियाई समाजातील तीस जणांनी ते मिळून घडवले आहे. याच रस्त्याने पुढे रशोममध्ये ‘करी माइल’ लागते. आणि ओल्ड ट्रॅफर्डचे क्रिकेट मैदान? १९८३ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना भारताने इथेच जिंकला आणि १४ ऑगस्ट १९९० रोजी सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ११९ धावा करून आपले पहिले कसोटी शतक इथेच झळकावले. फुटबॉलचे त्याच नावाचे मैदान जवळच आहे. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

एक दिवस हाती असेल तर शहराच्या दक्षिणेला, विमानतळाजवळच्या स्टायल गावातील क्वारी बँक मिल गाठावी. सॅम्युएल ग्रेग याने १७८४ साली सुरू केलेली ही गिरणी नॅशनल ट्रस्टने मालकाचा बंगला, कामगारांची घरे आणि अनाथालयांतून आणलेल्या बालकामगारांचे वसतिगृह यांच्यासह राखली आहे. पाणचक्की फिरते, माग चालतात. मुलांना कामाला कसे जुंपले जाई, हे इथे लपवलेले नाही.

जायचे कसे

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून रेल्वेने सव्वादोन तासांत मँचेस्टर येते. मुंबईहून थेट विमानसेवा जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. वेळापत्रके बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी खात्री करावी. शहराचा गाभा पायी फिरण्याजोगा आहे. सॅल्फर्ड कीज आणि ओल्ड ट्रॅफर्डसाठी ट्रॅम सोयीची. १९८६ पासून खासगी कंपन्यांच्या हाती असलेल्या बसगाड्या २०२३ ते जानेवारी २०२५ दरम्यान टप्प्याटप्प्याने सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या. पिवळ्या रंगावरून त्या ओळखू येतात. विज्ञान संग्रहालय, पीपल्स हिस्ट्री, मँचेस्टर म्युझियम, युद्धसंग्रहालय आणि रायलंड्स ग्रंथालयात प्रवेश विनामूल्य आहे. क्वारी बँकला तिकीट पडते. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पडतो, पण तो वर्षभर विखुरलेला असल्याने छत्री सोबत असू द्यावी. दमट हवेत सूत कमी तुटते, म्हणूनही गिरण्या या भागात रुजल्या होत्या.